दुखणे थांबावे, पाऊल थांबू नये : गुडघ्याच्या नर्व्ह ब्लॉकविषयी प्रस्तावना

गुडघ्याचे ऑपरेशन ठरले की घरात दोन प्रश्न निघतात. नातेवाईक विचारतात, ‘चालायला कधी लागतील?’ ज्याचा गुडघा असतो तो माणूस विचारतो, ‘रात्री फार दुखेल का?’ बरीच वर्षे या दोन प्रश्नांना दोन वेगळी माणसे उत्तरे देत आली. चालण्याचे सर्जन सांगत आणि दुखण्याचे भूलतज्ज्ञ किंवा रात्रपाळीची सिस्टर पाहत असे. या पुस्तकाचा विषय त्या दोन उत्तरांची गाठ घालणारा आहे. गुडघ्याकडून मेंदूकडे वेदना नेणारे मज्जातंतू काही तासांसाठी बधिर करायचे, पण त्याच पायाला उभे राहण्याची ताकद देणारे मज्जातंतू शक्य तितके जागे ठेवायचे, हे नर्व्ह ब्लॉकच्या शास्त्राचे उद्दिष्ट. ते साधायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि काम अजून पुरे झालेले नाही. म्हणूनच नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला इथे जागा आहे.

हे पुस्तक पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. त्याचे कारण इथल्या गुडघ्यांमध्ये आहे. सातपाटी, मुरबे, दांडी इथल्या कोळी आणि मांगेला बायका टोपल्या उचलून बाजार गाठतात. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर आवणीचे दिवस वाकून आणि उकिडवे बसून जातात. चिंचणी-वरोरकडचे डाय (साचे) बनवणारे कारागीर तासन् तास एका बैठकीत बारीक काम करतात. तारापूर एमआयडीसीतला कामगार पाळीभर लोखंडी शिड्या चढतो-उतरतो. मनोरजवळून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोटरसायकलचे अपघात होतात आणि गुडघ्याची वाटी किंवा नडगीच्या हाडाचा वरचा भाग मोडलेली तरुण मुले रुग्णालयात येतात. त्यांच्या गुडघ्यांचे आजार वेगवेगळे असले तरी घरी गेल्यावरची गरज सारखी असते. जमिनीवरून उठता यायला हवे, शौचाला बसता यायला हवे, फलाटाचा जिना चढता यायला हवा. इथे गुडघा वाकला नाही तर मजुरी बुडते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत सांधा बदलण्याचे ऑपरेशन ही मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसांची गोष्ट समजली जाई. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन रणावत यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा गावोगावच्या लोकांना कळले की झिजलेला गुडघा बदलता येतो. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय गुडघ्याचे माप आणि आपल्या बसण्याच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ हा सांधा घडवला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली. ऑपरेशन सामान्य घरांच्या जवळ आले. त्यानंतरच्या रात्रीची काळजी त्याच वेगाने जवळ आली का, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

त्या रात्री शरीरात काय घडते ते आधी पाहू. गुडघा बदलताना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके करवतीने कापली जातात, सांध्याभोवतीचे आवरण उघडले जाते आणि बरेचदा मांडीला दाबपट्टा बांधून रक्तप्रवाह थांबवलेला असतो. आपल्याकडे हे ऑपरेशन बहुतेक वेळा मणक्यातल्या भुलेखाली होते. ती भूल दोन-तीन तासांत उतरू लागते. मग पहिले २४ ते ४८ तास सर्वांत कठीण जातात. या वेदनेने झोप जाते, पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. दुखणारा गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडून ठेवतो. रुग्ण पाय हलवत नाही. न हललेल्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि न वाकलेला सांधा ताठर होऊ लागतो. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पुढे अनेक महिने त्रासदायक वेदना राहते, असे जगभरचे अभ्यास सांगतात. तिची कारणे अनेक आहेत. ऑपरेशनच्या दिवसांतली तीव्र, न आवरलेली वेदना हे त्यांतले एक मानले जाते. म्हणून पहिल्या रात्रीचे दुखणे थांबवणे हा उपचाराचाच भाग धरावा लागतो.

आता या विषयातल्या सर्वांत मूलभूत अडचणीकडे येऊ. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना यांवर व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी शरीररचनेचा एक नियम मांडला. जो मज्जातंतू सांध्याला संवेदना देतो, त्याच्याच शाखा तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्या स्नायूंच्या टोकांवरच्या त्वचेला जातात. सांध्याची संवेदना, हालचाल आणि वरची कातडी एकाच वाटेने जोडलेली असतात, यात निसर्गाची सोय आहे. सांध्याला इजा झाली की भोवतालचे स्नायू आवळले जातात आणि सांध्याला आपोआप विश्रांती मिळते. भूलतज्ज्ञापुढे मात्र याच नियमाने पेच उभा केला. वेदनेची वाट अडवायला जावे तर ताकदीची वाटही अडते. गुडघ्याच्या ब्लॉकचा इतिहास हिल्टनच्या नियमातून वाट काढण्याचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते खरे ठरेल. पुढची प्रकरणे वाचताना हा एक धागा हातात ठेवला की बाकीचे तपशील त्याला आपोआप लागत जातात.

सुरुवात डोळ्यापासून झाली. १८८४ मध्ये व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो हे दाखवले आणि १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत त्यांचा शोध वाचून दाखवण्यात आला. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी मज्जातंतूजवळ कोकेन टोचून त्या मज्जातंतूचा पूर्ण प्रदेश बधिर करू लागले. नर्व्ह ब्लॉकची कल्पना तिथे जन्मली. स्वतःवर प्रयोग करताना हॉलस्टेड यांना कोकेनचे व्यसन जडले आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीच्या कील शहरात आउगुस्ट बियर यांनी मणक्यातल्या पाण्यात कोकेन सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. मग ही भूल खरोखर किती खोल जाते हे तपासायला त्यांनी सहायक हिल्डेब्रांट यांना ते इंजेक्शन दिले आणि त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडीने मारून पाहिले. हिल्डेब्रांट यांना वेदना झाली नाही. मणक्यात सुई टोचून घेतलेले दोघेही पुढे आजारी पडले आणि मणक्यातल्या सुईनंतरच्या डोकेदुखीचे पहिले वर्णन बियर यांनी स्वानुभवावरून लिहिले. बोईसरच्या कोणत्याही नर्सिंग होममध्ये रोज दिली जाणारी कमरेखालची भूल त्या प्रयोगाची वंशज आहे.

कोकेनची जागा घेणारी सुरक्षित औषधे हळूहळू आली. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केले. आपल्याकडे ते झायलोकेन या नावाने घरोघर माहीत आहे. १९५७ मध्ये बुपिवाकेन आले. त्याचा परिणाम बराच अधिक काळ टिकतो, आणि एका ब्लॉकवर रात्र निघू शकेल हा विश्वास त्यामुळे आला. नव्वदच्या दशकात हृदयावर तुलनेने कमी ताण टाकणारे रोपिवाकेन वापरात आले. औषधे सुधारत गेली तरी सुई मात्र अंदाजाने चालत होती. हाताने नाडी चाचपायची, हाडाच्या खुणा पाहायच्या आणि रुग्णाच्या पायात मुंग्या आल्या की सुई पोचली असे समजायचे. नंतर मज्जातंतूला सौम्य विद्युतस्पर्श करणारे स्टिम्युलेटर आले. मांडीच्या मज्जातंतूजवळ सुई आली की गुडघ्याची वाटी तालात हलू लागते, ही खूण अजूनही शिकण्यासारखी आहे. १९९४ मध्ये व्हिएन्नातील डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या मदतीने हाताचा ब्लॉक देऊन दाखवला आणि काही वर्षांत मांडीचे ब्लॉकही तसेच दिले जाऊ लागले. सुईचे टोक, मज्जातंतू आणि शेजारची रक्तवाहिनी एकाच वेळी पडद्यावर दिसणे, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा बदल होय.

गुडघ्यापुरता विचार केला तर या साऱ्या प्रवासाला एक स्पष्ट दिशा आहे. वेदना अडवण्याची जागा मुळाकडून टोकाकडे सरकत गेली. आधी पाठीच्या कण्याजवळ नळी ठेवून एपिड्युरल दिले जाई. त्याने दुखणे उत्तम थांबे, पण दोन्ही पाय जड होत, रक्तदाब खाली जाई आणि लघवीची नळी घालावी लागे. मग जांघेतल्या फिमोरल मज्जातंतूचा ब्लॉक आला. १९७३ मध्ये अमेरिकेतील अॅलन विनी यांनी जांघेत एकाच सुईने तीन मज्जातंतू गाठण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर रूढ झाली. एका पायापुरती भूल मिळाली, पण हिल्टनचा नियम आडवा आलाच. फिमोरल मज्जातंतू गुडघा सरळ करणाऱ्या चतुःशिर स्नायूला ताकद देतो. दुखणे गेलेला रुग्ण उत्साहाने उभा राही, गुडघा लुळा पडे आणि तो कोसळे. नव्या सांध्यावर पडणे काय असते, हे ज्यांनी पाहिले त्यांना पुढचे पाऊल का टाकावे लागले ते सांगायला नको.

पुढचे पाऊल मांडीच्या मध्यावर पडले. तिथे सार्टोरियस स्नायूच्या खाली, मोठ्या धमनीच्या शेजारी एक अरुंद बोगदा आहे. अठराव्या शतकातले शल्यविशारद जॉन हंटर यांचे नाव त्याला आहे. आज त्याला अॅडक्टर कॅनाल म्हणतात. इथे पोचेपर्यंत फिमोरल मज्जातंतूच्या स्नायूंकडे जाणाऱ्या बहुतेक शाखा फुटून गेलेल्या असतात. उरतात त्या मुख्यतः गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या बाजूची संवेदना नेणारी सॅफिनस आणि स्नायूची एक आतली शाखा. या बोगद्यात औषध सोडले तर पुढचे दुखणे बरेच शमते आणि मांडीची ताकद बहुतांशी टिकते. तरीही गुडघ्याच्या मागच्या बाजूचे दुखणे उरते, कारण तिथल्या संवेदना सायटिक मज्जातंतूच्या आणि आतल्या बाजूच्या ऑब्ट्युरेटर मज्जातंतूच्या शाखांतून जातात. अख्खा सायटिक बधिर करावा तर पाऊल वर उचलता येत नाही आणि ऑपरेशनमध्ये मज्जातंतूला इजा झाली असेल तर तीही झाकली जाते. यावर उपाय म्हणून गुडघ्यामागची धमनी आणि मांडीच्या हाडामागचे आवरण यांच्या मधल्या जागेत औषध सोडण्याची पद्धत आली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आयपॅक. सांध्याच्या आवरणात शिरणाऱ्या अगदी शेवटच्या शाखा तिथे गाठल्या जातात आणि पावलाकडे जाणारे मुख्य मज्जातंतू बहुतेक वेळा मोकळे राहतात. याच दिशेने आणखी पुढे जाऊन गुडघ्याभोवतीच्या जेनिक्युलर शाखांचे ब्लॉक दिले जातात. दुसरीकडे सर्जननेच सांधा उघडा असताना आवरणात आणि ऊतींत औषध पसरून टोचावे, ही पद्धत सिडनीचे केर आणि कोहान यांनी २००८ मध्ये सविस्तर मांडली.

यांतले कोणते श्रेष्ठ, असा वाद पुस्तकात जागोजाग भेटेल. त्यात गोंधळून जाऊ नये म्हणून आजची सर्वसाधारण सहमती इथेच सांगतो. ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी पुराव्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रॉस्पेक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने गुडघा बदलण्यासाठी अॅडक्टर कॅनालचा एकदाच दिलेला ब्लॉक, सर्जनने सांध्याभोवती टोचलेले औषध, नियमित वेळेवर पॅरासिटामॉल, मूत्रपिंड आणि पोट ठीक असल्यास सूज उतरवणारी गोळी आणि एक डेक्सामेथासोनचे इंजेक्शन असा संच सुचवला आहे. ब्लॉक हा त्या संचातला एक भाग आहे, हे विसरू नये. एकट्या ब्लॉकवर सगळा भार टाकला की तो उतरताच दुखणे एकदम उसळते.

आता आपल्या भागाकडे परत येऊ. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयासाठी लिहिलेली पद्धत पालघरला जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे भूलतज्ज्ञ पुष्कळदा एका दिवसात दोन-तीन रुग्णालयांत जातो. सोनोग्राफी यंत्र सोबत गाडीत टाकून न्यावे, असे त्याला वाटणे साहजिक आहे, पण कायदा तसे करू देत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, मग १९९४ चा केंद्रीय कायदा आला, आणि त्याखालची यंत्राची नोंदणी जागेशी बांधलेली आहे. या कायद्याने मुलींचे जीव वाचवण्यासाठी उभी केलेली भिंत योग्य आहे. ती पाळून काम करायचे तर यंत्राची नोंदणी रुग्णालयाने आपल्या जागेसाठी करावी, ब्लॉक देणाऱ्या डॉक्टरची कागदपत्रे पूर्ण करावीत आणि नोंदवही चोख ठेवावी. त्याची रीत या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात दिली आहे.

यंत्र नसेल तर रुग्णाला ब्लॉकपासून वंचित ठेवावे का? नाही. सर्जनने सांध्याभोवती टोचायचे औषध कोणत्याही शस्त्रक्रियागृहात देता येते आणि त्याला वेगळे उपकरण लागत नाही. स्टिम्युलेटर असेल तर फिमोरल ब्लॉकही देता येतो. मात्र तो मणक्यातल्या भुलेच्या आधी द्यावा, कारण कमरेखालचे स्नायू एकदा सैल पडले की वाटी हलण्याची खूण मिळत नाही. या ब्लॉकनंतर चतुःशिर स्नायू दुबळा राहणार हे गृहीत धरून रुग्णाला दोन माणसांच्या आधाराशिवाय उभे करायचे नाही. साधन कमी असले की निवड बदलते आणि सावधपणाचे ओझे वाढते, इतकेच. छोट्या रुग्णालयांत मॉर्फीनसारखी औषधे क्वचितच हाताशी असतात. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा २०१४ मध्ये दुरुस्त होऊन वाट सोपी झाली, तरी परवाने आणि नोंदींची धास्ती टिकून आहे. म्हणून ब्लॉकची खरी गरज मोठ्या शहराहून इथे जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

औषधाचे माप हा या पुस्तकातला सर्वांत काळजीने वाचायचा भाग आहे. बाटलीवरच्या टक्क्याला १० ने गुणले की एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते कळते. म्हणजे ०.२५ टक्के बुपिवाकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम. दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर ४५ किलोच्या बाईला ९० मिलिग्रॅम, अर्थात ३६ मिलिलिटर. अॅडक्टर कॅनालमध्ये २० आणि आयपॅकसाठी २० असे टोचले की मर्यादा ओलांडली. वर सर्जननेही औषध टोचले तर धोका आणखी वाढतो. त्याऐवजी ०.२ टक्के रोपिवाकेन घेतले आणि दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर त्याच बाईला ६७ मिलिलिटरपर्यंत जागा मिळते. पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे बहुधा ७० किलोच्या माणसाची असतात. आपल्या पट्ट्यात ४०-४५ किलोच्या रुग्ण बायका रोज भेटतात, म्हणून आकडेमोड प्रत्येक वेळी नव्याने करायची आणि भूलतज्ज्ञ व सर्जन यांनी मिळून एकच बेरीज ठेवायची.

औषध चुकून रक्तात गेले किंवा जास्त झाले, तर ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात आवाज, असंबद्ध बडबड अशी लक्षणे दिसू लागतात. पुढे झटके येतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांनी प्राण्यांवर दाखवून दिले की शिरेतून दिलेले स्निग्ध द्रावण बुपिवाकेनच्या विषबाधेतून हृदयाला बाहेर काढू शकते आणि २००६ मध्ये माणसाचा जीव त्याने वाचल्याची पहिली नोंद झाली. श्वास, प्राणवायू आणि झटके आवरणे यांच्या जोडीला २० टक्क्यांचे हे द्रावण दर किलोमागे १.५ मिलिलिटर या हिशेबाने पटकन द्यायचे आणि लगेच पुढचा प्रवाह सुरू करायचा असतो. ४५ किलोच्या रुग्णाला सुरुवातीलाच ६७-६८ मिलिलिटर लागतात. पुढचा प्रवाह धरला तर १०० मिलिलिटरची एक बाटली पुरत नाही. जिथे ब्लॉक दिला जातो तिथे हे द्रावण पुरेसे आणि हाताच्या अंतरावर असायलाच हवे. ते नसेल तर मोठ्या मात्रेचा ब्लॉक देऊ नये.

चुकीच्या पायाला ब्लॉक दिल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. त्यावरचा उपाय बोईसरकरांना शिकवायला नको. एमआयडीसीच्या कोणत्याही चांगल्या कारखान्यात वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय कोणी पाइपलाइन उघडत नाही. ती कोणती लाइन, तिच्यात काय आहे, कोणी बंद केली, हे जागेवर जाऊन पाहिले जाते. सुई टोचण्याच्या अगदी आधीचा थांबा हा त्याच जातीचा आहे. रुग्णाला त्याच्या तोंडून पाय सांगायला लावायचा, सर्जनने केलेली खूण पाहायची, संमतीपत्राशी ताडायची आणि मगच हात पुढे करायचा. याला अर्धा मिनिट लागतो.

काही रुग्णांत ब्लॉक देताना दोनदा विचार करावा लागतो. अपघातात नडगीचे हाड वरच्या बाजूला मोडले असेल तर पोटरीत आतल्या आत सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्याची पहिली हाक असते वाढत जाणारी वेदना. दाट ब्लॉकने ती हाक दबू शकते. अशा वेळी सर्जनशी बोलून सौम्य मात्रा द्यावी किंवा ब्लॉक टाळावा, आणि पाय तासातासाने तपासावा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर वरवरचे ब्लॉक आणि खोलवरचे ब्लॉक यांत फरक करावा लागतो. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी त्याची तपासणी करावी, कारण दाबपट्टा, थंडी आणि पाण्याची कमतरता या तिन्हींनी अशा रुग्णाला त्रास होऊ शकतो.

ब्लॉक देणारा हात भूलतज्ज्ञाचा असला तरी ब्लॉक यशस्वी करतात ती माणसे वेगळी असतात. सकाळी दहाला दिलेला बुपिवाकेनचा ब्लॉक १२ ते १८ तासांनी उतरतो, म्हणजे साधारण रात्री दहा ते पहाटे चारच्या दरम्यान, जेव्हा वॉर्डात सर्वांत कमी माणसे असतात. रात्रपाळीच्या सिस्टरना ही वेळ आधी कळवली आणि गोळी दुखू लागण्याच्या आधी दिली, तर तो ठणका उसळत नाही. फिजिओथेरपिस्टने उभे करण्याआधी ‘मावशी, पाय सरळ उचलून दाखवा’ असे म्हणावे आणि टाच गादीवरून वर उठते का ते पाहावे. ती उठली नाही, तर त्या वेळी चालणे नाही. नातेवाइकांनी बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, शेकू नये, कारण चटका बसला तरी रुग्णाला कळणार नाही. पाऊल वर ओढता येत नसेल किंवा दुसऱ्या दिवसानंतरही बधिरपणा उतरत नसेल, तर तेव्हाच डॉक्टरांना सांगायला हवे.

वेदना विचारण्याची रीतही बदलायला हवी. ‘शून्य ते दहात किती दुखते?’ या प्रश्नाला आपल्या वॉर्डात बरेचदा एक ओशाळे हसू मिळते. दिवसभर राबलेल्या माणसाला सोसणे हा स्वभाव होऊन बसलेला असतो आणि डॉक्टरपुढे दुखण्याची तक्रार करणे त्याला उद्धटपणाचे वाटते. म्हणून थेट कामाचे प्रश्न विचारावेत. झोप लागली का? कूस वळता आली का? गुडघा वाकवताना दम रोखावा लागतो का? लघवीला उठता आले का? या उत्तरांवरून ब्लॉक कितपत उपयोगी पडला ते आकड्याहून नेमके कळते. रुग्ण गप्प आहे म्हणून त्याला दुखत नाही असे धरून चालणे, ही आपल्या व्यवसायातली जुनी सवय आहे आणि ती सोडायला हवी.

पुस्तक कसे वाचावे याविषयी दोन शब्द. नवशिक्या डॉक्टरांनी शरीररचनेचे प्रकरण स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून वाचावे. सोनोग्राफीचा पडदा त्यानंतर समजतो. परिचारिकांसाठीची प्रकरणे स्वतंत्र वाचता येतील अशी लिहिली आहेत. सर्जनांनी मापाचे प्रकरण आणि सांध्याभोवतीच्या औषधाचे प्रकरण सलग वाचावे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी शेवटचे प्रकरण आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते मोठ्याने वाचून दाखवले तरी चालेल. संमती घेताना काय सांगायचे, तेही तिथे सोप्या भाषेत आहे. बधिरपणा किती तास राहील, काय साधेल, काय साधणार नाही आणि मज्जातंतूला क्वचित होणारी इजा कशी ओळखायची, हे रुग्णाला आधी कळायलाच हवे.

शेवटी एक आग्रहाची विनंती. या विषयावरचे बहुतेक अभ्यास मोठ्या शहरांतल्या, अनेकदा परदेशातल्या रुग्णालयांत झाले आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, ४५ किलो वजनाच्या, ऑपरेशननंतर काही आठवड्यांत शेतावर किंवा मासळीबाजारात परतू पाहणाऱ्या बाईच्या गुडघ्यात कोणता ब्लॉक सर्वांत उपयोगी, हे त्यांतून पुरेसे कळत नाही. ते कळण्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहायला नको. कोणता ब्लॉक किती औषधाने दिला, दुखण्यासाठी पहिली गोळी कधी मागितली, रुग्ण पहिल्यांदा कधी उभा राहिला आणि जमिनीवर बसून उठू कधी लागला, या चार गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवा. पालघर, बोईसर, डहाणू आणि जव्हारच्या रुग्णालयांनी दोन वर्षे एवढे जरी केले, तरी या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत इथल्या गुडघ्यांविषयी इथल्याच नोंदींतून बोलता येईल. आजवर नवे शास्त्र मुंबईहून आपल्याकडे येत आले. आपल्या नोंदी नेकीच्या असतील तर या विषयातला काही भाग आपल्याकडून तिकडे जाईल, आणि त्याचा उपयोग शेवटी इथल्याच माणसांना होईल.